आमच्या घरात दारू नाय

दरवर्षी आमच्या शाळेत व्यसनमुक्तीची चित्रकला स्पर्धा होते आणि दरवर्षी परीक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी बदलापूरला मराठी शिकवते. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, त्यामुळे निकालावरून पालक भांडायला आले तर पुढे करायला मी बरी पडते.

चित्रं सगळी एका साच्यातली असतात. फाटकी बनियन, दाढीचे खुंट, एका हातात बाटली, दुसरा हात बायकोवर उगारलेला आणि कोपऱ्यात रडणारं पोर. वर लाल अक्षरांत घोषणा. यंदाही तशीच होती. मी गठ्ठा समोर घेऊन स्टाफरूममध्ये बसले आणि मला एकदम वाटलं, अरे, एखाद्याने तरी इस्त्रीचा पायजमा घातलेला माणूस काढा. समोर काचेचा ग्लास, बशीत काकडीच्या गोल चकत्या, त्यावर लिंबू पिळलेलं. टीव्हीवर बातम्या. बायकोला कोणी मारत नाहीये, उलट तीच विचारतेय, अजून शेंगदाणे आणू का. असं चित्र आलं असतं तर मी पहिला नंबर दिला असता. पालकांनी मात्र मला शाळेत घुसू दिलं नसतं.

तो इस्त्रीचा पायजमा माझ्या दादाचा.

दादा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला आणि प्लांटचा साहेब होऊन निवृत्त झाला. आमच्या खानदानातला पहिला साहेब. आम्ही वाढलो उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, एका खोलीत, पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे. तिथून अंबरनाथ पूर्वेला लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि ती त्याने केली. माझी डी.एड.ची फी त्याने भरली. माझ्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून शेवटचा पाहुणा जेवेपर्यंत तो जेवला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून कुणी त्याला वाईट ठरवू नये.

तब्येतीच्या बाबतीत तो पक्का शिस्तीचा. पहाटे फिरायला जाणार. चहात साखर नाही, पोळीला तेल नाही, भात फक्त रविवारी. बीपीची गोळी घड्याळ बघून. मी त्यांच्याकडे गेले की दारातच, "वजन वाढलंय तुझं," हे स्वागत. मग आत गेल्यावर ताक, वर जवसाची चटणी आणि ऐकून घ्यायचं भाषण. फॅमिली ग्रुपवर सकाळी पहिला मेसेज त्याचा, दुधी भोपळ्याच्या रसाचे फायदे. माझा नवरा त्याला खासगीत दुधीभाऊ म्हणतो.

आणि संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की दादा बसायचा.

बसायचा म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नोकरीत असताना तो शनिवारी बसायचा, कंपनीतल्या मित्रांबरोबर. त्यांनी मिळून चामटोलीला थोडी जागा घेतली होती, पत्र्याची शेड, आंब्याची चार झाडं. तिथे सगळे साहेब बसायचे. मग बुधवारीही बसायला लागले. निवृत्तीनंतर चामटोलीला जायचा कंटाळा आला आणि तो घरीच बसू लागला. शनिवारचा सोमवार कधी झाला आणि सोमवारचा रोज कधी झाला, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी काही बोलले की म्हणायचा, "सकाळी एवढा चालतो, सगळं जिरतं." कंपनीच्या शेवटच्या तपासणीत लिव्हरवर चरबी निघाली होती. त्यावर त्याचं म्हणणं, आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचीच निघालीय.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या घरात दारू हा शब्द दादाला लागू पडत नाही. दारू म्हणजे हातभट्टी, दारू म्हणजे देशी. कॅम्प चारच्या कोपऱ्यावरच्या गुत्त्याबाहेर जी माणसं गटाराला पाय लावून पडलेली असायची, ती दारू प्यायची. दादा दारू पीत नाही. दादा घेतो. दारू पिणाऱ्याला दारुडा म्हणतात. घेणाऱ्याला मराठीत काही म्हणतच नाहीत, मी शिकवते म्हणून सांगते, तसा शब्दच नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट आईची.

आईचा बाप दारूने गेला. तो कसा प्यायचा, पिऊन काय करायचा हे आईने आम्हाला कधी सांगितलं नाही, पण तिच्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती पडून झालेली नाही एवढं मला माहीत आहे. आजीने मग ठरवलं, पोरगी द्यायची तर दारू नसलेल्या घरात. वडिलांकडच्या आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी दारू सोडली होती, आणि ती शपथ त्यांनी मरेपर्यंत पाळली. माझ्या वडिलांनीही पाळली. स्थळ आलं तेव्हा मुलगा किती शिकलाय, काय कमावतो, हे आजीने विचारलंच नाही. त्या घरात दारू नाय, एवढंच पुरे झालं. आईने कॅम्प चारच्या त्या खोलीत हालअपेष्टा काढल्या, चुलीवर रांधलं, नळावर भांडली, पण शेजारीण काही लागेल असं बोलली की मान वर करून सांगायची, "आमच्या घरात दारू नाय." तिच्या अंगावर सोनं नव्हतं. हे वाक्य होतं.

त्या आईसमोर दादा रोज संध्याकाळी बसायचा. ती त्याच खोलीत सोफ्याच्या टोकाला, तोंड टीव्हीकडे. तो ग्लास कशाचा आहे हे तिला कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. पण तिने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. बाटली तो अंबरनाथहून आणायचा नाही, कारण तिथे विहारात त्याला सगळे ओळखतात. मुद्दाम उल्हासनगरला जायचा. जुन्या ओळखीचा सिंधी दुकानदार लांबूनच हाक मारायचा, "आओ बडे साहब, आपका रखा है." एकदा मी त्याच्याबरोबर होते. दादाने बाटली कापडी पिशवीत ठेवली आणि वर मेथीची जुडी ठेवली.

विहारात वंदनेला पुढे बसायचा मान त्याचा. आवाज त्याचा खरंच चांगला आहे, भरदार. पंचशील म्हणताना पाचवं शील येतं, मद्यापासून दूर राहण्याचं. तेही तो त्याच आवाजात म्हणायचा. मला राहवलं नाही. बाहेर चपला घालताना मी त्याला विचारलं, "का रे, पालीत घेतलेली शपथ मराठीत चालत नाही का?" तो चिडला नाही. हसला आणि मलाच शिकवायला लागला. म्हणाला, "अगं, त्या शीलात प्रमाद असा शब्द आहे. म्हणजे बेहोशी. भान जाईल असं काही घेऊ नये, एवढाच अर्थ. मी कधी बेहोश झालेला बघितलास का?"

खरंच नव्हता झाला. कधी आवाज चढला नाही, कधी पाय अडखळला नाही.

मागच्या वर्षी त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. साधं काम, दोन दिवसांत घरी. आई म्हणाली मी येणारच, म्हणून तिलाही रिक्षात घालून आणली. ॲडमिट झाल्यावर तरुण डॉक्टर आले. शुगर, बीपी, ॲलर्जी, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "काही व्यसन? तंबाखू, दारू?"

दादाने तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आई बोलली. "साहेब, आमच्या घरात दारू नाय. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवापासून नाय."

डॉक्टर कौतुकाने हसले. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, "डॉक्टर, हा घेतो. रोज घेतो."

दादा त्याच्या साहेबी पद्धतीने हसला. "हिचं मनावर घेऊ नका. मास्तरीण आहे, सगळ्यांनाच छडी दाखवते. कंपनीत होतो तेव्हा सोशली व्हायचं, कधीमधी."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चादरीची कड गादीखाली खोचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कधीमधीच."

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता की जणू मी सगळ्यांदेखत तिचा पदर ओढला होता. तरी मी डॉक्टरांच्या मागे पॅसेजमध्ये गेले. पुन्हा सांगितलं, रोज घेतो. त्यांनी सरळ प्रश्न केला, किती? आणि मला ते माहीत नव्हतं. मी दोन ग्लास पाहिले होते, तेवढे सांगितले. ते म्हणाले, ठीक आहे, बघू, आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मी तिथे उभी राहिले, हातात दादाची चप्पल आणि घड्याळ.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी त्याने पेज घेतली, नर्सला दुधी भोपळ्याचे फायदे सांगितले. त्यानंतरच्या दिवशी दुपारी मी शाळेतून थेट गेले तर तो घामाने भिजला होता. हात थरथरत होते. म्हणाला, चादरीवर मुंग्या आहेत. मी चादर झटकली. मुंग्या नव्हत्या. तो म्हणाला, "आहेत, तुला दिसत नाहीत, चष्मा लाव." मग तो उठायला लागला. सलाईनची नळी ओढली. माझ्याकडे बघून ओरडला, "व्हॉल्व्ह बंद कर! टेंपरेचर चढतंय, दिसत नाही का? सगळा प्लांट उडेल!" मला तो ओळखत नव्हता. मी त्याच्यासाठी कुठला तरी शिफ्टवरचा माणूस होते, आणि मी व्हॉल्व्ह बंद करत नव्हते. मी म्हणाले, "केला दादा, बंद केला." तो म्हणाला, "खोटं बोलतोस."

चार जणांनी त्याला धरला आणि त्याचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधले. इस्त्रीच्या पायजम्यातला माझा दादा, ज्याने आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नाही, तो आईवरून शिव्या देत होता आणि आई दारात उभी होती. मला काहीही करता येत नव्हतं. साधं त्याच्या कपाळावर हात ठेवता येत नव्हता, तो चावायला येत होता. एकच विचार डोक्यात फिरत होता. हा माणूस जन्मात पहिल्यांदा बेहोश झाला होता, आणि तो न पिता.

डॉक्टर धावत आले. या वेळी त्यांनी माझ्याकडे किंवा आईकडे पाहिलंच नाही. वहिनींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आता खरं सांगा. जिवाचा प्रश्न आहे. हे दारू किती पितात?"

वहिनी रडत म्हणाल्या, "दारू नाही हो, साहेब. चांगल्यातली असते. मोठी बाटली दोन दिवस पुरते. आता आता दीडच दिवस."

म्हणजे माझ्यासमोर काचेच्या ग्लासात दोन आणि बाकीचं स्वयंपाकघरात, स्टीलच्या पेल्यात, ओट्याशी उभं राहून. रिकाम्या बाटल्या वहिनी वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून, आणि मंडईला जाताना लांबच्या कचराकुंडीत टाकायच्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, कपडे वाळत घालता घालता, जसं एखादं रोजचं काम सांगावं.

डॉक्टरांनी समजावलं. शरीराला रोजची सवय झालेली, ती एकदम तुटली, म्हणून मेंदू भडकला. आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून औषध चालू केलं असतं. मी म्हणाले, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, इथे कधीमधी लिहिलंय. भांडायची ताकद माझ्यात भरपूर आहे, पण त्या दिवशी मला कळेना भांडायचं कुणाशी.

दादा वाचला. आयसीयूतून बाहेर आला तेव्हा गाल आत गेले होते. त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि आठवून द्यायला कुणी तयार नव्हतं. नातेवाइकांना सांगण्यात आलं की भुलीची रिॲक्शन आली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, लिव्हर कडक व्हायला लागलंय, पुन्हा सुरू केली तर फार दिवस नाहीत. दोन, पुन्हा सुरू झालीच तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, परत असंच होईल आणि दर वेळी माणूस हाती लागेलच असं नाही. आमच्याकडे आणा, औषधं देऊन सोडवू. कल्याणला व्यसनमुक्तीची ओपीडी आहे, तिथला पत्ता त्यांनी दिला.

दादाने पत्ता वाचला आणि मला परत दिला. "मी तिथं जाऊ? दारुड्यांच्या रांगेत?"

पहिले काही आठवडे त्याने हातही लावला नाही. मला वाटलं सुटलो. मग एका संध्याकाळी मी गेले आणि वहिनी स्वयंपाकघरात काकडी कापत होत्या. गोल चकत्या. त्या म्हणाल्या, "एवढीशीच, ताई. झोपच लागत नाही त्यांना." दिवाळीपर्यंत एवढीशीची पुन्हा पूर्वीइतकी झाली. मी ओरडले, रडले, बोलणं टाकलं, पुन्हा बोलले. त्याला कल्याणला नेण्यासाठी दोनदा रिक्षा दारात उभी केली. दोन्ही वेळा तो फिरायला गेला होता. तब्येतीसाठी.

परवा रविवारी विहारात कार्यक्रम होता. दादा पुढे बसला, वंदना म्हटली. आवाज थोडा बारीक झालाय, पण पाची शीलं न अडखळता म्हणाला. लोक म्हणाले, साहेब आता बरे दिसतात. डोळ्यांतला पिवळेपणा मला दिसत होता, त्यांना बहुतेक ट्यूबलाइटमुळे दिसला नसेल. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच थांबले.

सात वाजले. बातम्या लागल्या. वहिनींनी ग्लास आणून ठेवला. दादाने हात पुढे करायच्या आत मी तो उचलला.

"आज नाही," मी म्हणाले. "दादा, ही दारू आहे. तू दारू पितोस."

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. वहिनी दारातच थांबल्या. मला वाटलं होतं दादा ओरडेल, आई रडायला लागेल, काहीतरी फुटेल. काही झालं नाही. दादा म्हणाला, "दे."

"उद्या माझ्याबरोबर चल. मी रजा टाकते. औषध देतील, त्रास होणार नाही."

"दे गं," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला. हात थरथरत होता. मनगटावर बँडेजची पट्टी काचलेली तिथे अजून काळपट वळ आहे. कपाळावर घाम आला होता. मी ग्लास धरून उभी होते आणि मला डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. एकदम बंद करू नका. दिला तर लिव्हर. नाही दिला तर पुन्हा त्या मुंग्या, तो व्हॉल्व्ह, ते बांधलेले हात. मला वाटलं, देवाला मानणारी असते तर निदान कुणाच्या तरी पाया पडले असते.

सोफ्याच्या टोकावरून आईचा आवाज आला. तिची नजर टीव्हीवरच होती.

"दे त्याला."

"आई, अगं..."

"दे. माझ्या बापाचा हात असाच हालायचा. तवा माझी आय पन द्यायची."

मी ग्लास दिला. दादाने तो दोन्ही हातांनी धरला, थेंबही सांडू न देता तोंडाला लावला.

"आन् ती खिडकी लाव," आई म्हणाली. "शेजारी वास जाईल."

मी गेले आणि खिडकी लावली.